रेशमी मोजा

माझी मांजर गेली ती एका खोट्या सहीपायी. मी राहते त्या वृद्धाश्रमातल्या प्राण्यांची नखं दर सोमवारी कापायची, असा नियम; म्हातारी कातडी ओल्या कागदासारखी, साध्या ओरखड्यानं फाटते. त्या सोमवारी व्यवस्थापिकाबाईंनी नखं न कापताच तक्त्यावर सही ठोकली. बुधवारी शेजारच्या खाटेवरच्या आजींचा हात रक्ताळला. बाईंनी खापर मांजरीवर फोडलं आणि तिला पिशवीत कोंबून घालवून दिलं. कुठे, ते मला कधीच सांगितलं नाही.

मी चाळीस वर्षं जनावरांची डॉक्टर होते. दुखरी जागा हळूच चाचपायची असते. जिभेवर साखर ठेवून मी बाईंना नवी नियमावली लिहून दिली: लसीचा दाखला, भेटीआधी आणि नंतर हात धुणं, आणि पंजा जुन्या रेशमी मोज्यावरून फिरवणं. धागा अडकला, तर प्राण्याला वर्षभर प्रवेश नाही, मालक कुणीही असो. बाईंनी न वाचताच सही केली. नुसतं कापलेलं नख अधिक धारदार होतं, त्यावर कानस फिरवावी लागते, एवढं मात्र मी लिहिलं नाही.

तपासणी अधिकारी आले, त्या दिवशी बाई स्वतःचा कुत्रा मिरवत आल्या.

"आमच्या सोन्याची कसली परीक्षा, डॉक्टरीणबाई? घरचाच आहे तो."

"घरच्यांपासूनच सुरुवात करू."

पंजा मोज्यावरून सरकला. धागा ताणून वर आला.

"अहो, सकाळीच कापलीत मी. खरंच."

"सहीसुद्धा केली असेल."

अधिकाऱ्यांनी नियम मोठ्यानं वाचला, खालची सही पाहिली आणि वर्षाची बंदी नोंदवली. बाई माझ्यापाशी वाकल्या. "तो एकटा राहत नाही हो. दिवसभर दाराशी रडतो."

"माझी मांजर कुठे सोडलीत?"

"पुलापलीकडच्या गोदामाशी. संध्याकाळी परत गेले होते. नव्हती."

माझ्या खिशात कानस होती. अर्ध्या मिनिटाचं काम. कुत्र्यानं, काहीच न उमगून, पुन्हा पंजा पुढे केला. मी तो हातात घेतला, कुरवाळला, आणि दोघांसाठी बाहेरचं दार उघडून धरलं.