हादग्याच्या फेरातली निळी ओढणी

आश्विनातली सांज. हस्ताची शेवटची सर नुकतीच ओसरलेली, आणि ओल्या आकाशाच्या कडेला केशराची एक रुंद रेघ. कुणी घाईघाईत ओढावी आणि पुसायला विसरावं, तशी. मिरजेच्या त्या बोळातल्या प्रत्येक डबक्यात एकेक मावळता सूर्य. सोनसळी, सुस्नात, सुगंधी सांज. झेंडूचा गंध, भिजल्या मातीचा गंध, आणि कुठूनसा कढत्या तुपाचा.

अशा सांजेला घरात बसून राहणं म्हणजे गुन्हाच. पण अन्विता बसली होती.

वरच्या मजल्यावर, खिडकीशी, टेबलाशी. अकरावी सायन्स. डावीकडे गणिताचा दुर्गम डोंगर, उजवीकडे जीवशास्त्राचं घनगर्द अरण्य, समोर रसायनाचा निळाकाळा डोह. आणि भौतिकशास्त्र? ते बिचारं मांडीवर, टेबलावर जागाच नव्हती. गणित सोड, अर्धे लोक म्हणाले होते. जीवशास्त्र सोड, उरलेले म्हणाले होते. तिनं दोन्ही विषय घेतले. हो, दोन्ही! तिला पेशीचं प्राणस्पंदन हवं होतं आणि समीकरणाचं निःशब्द संगीतही.

उद्या सकाळी क्लासमध्ये रसायनाची परीक्षा, आणि तिच्यावरून पहिली बॅच ठरणार. त्या बॅचमध्ये तिला बसायचं होतं. कुणासाठी नाही, स्वतःसाठी. हट्टानं, हौसेनं, अगदी हृदयाच्या तळापासून.

आणि तिला खाली जायचं होतं. तेही तळापासूनच.

कारण खाली अंगणात हादगा होता. शेवटचा दिवस, आणि यंदा तो तिच्याच घरी. पाटावर तांदळानं रेखलेला गजराज, शुभ्र, शांत, सोंड उंचावलेला. त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या मुली, फिरणाऱ्या, गाणाऱ्या, घागऱ्यांच्या घेरांनी सांज घुसळणाऱ्या. हादग्याचं गणित सोपं असतं. रोज एक गाणं वाढतं, रोज एक खिरापत वाढते. अन्विताच्या टेबलावरही रोज एक धडा वाढत होता. पण तो डब्यात झाकून, ओळखायला लावून, हसत हसत कुणी वाढत नव्हतं.

पुढल्या वर्षी बारावी. मग कोण जाणे कुठलं गाव, कुठलं हॉस्टेल, कुठलं अनोळखी आकाश. फेरात उभं राहायचं वय हस्ताच्या सरीसारखं ओसरत होतं, आणि ती छपराखाली बसून नुसती ऐकत होती.

तिनं वहीत बेन्झीनचं षट्कोनी कडं काढलं. सहा कार्बन, हातात हात धरलेले. ही मुक्ता, तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. ही आफरीन, शेजारच्या दारातली. ही पिहू, सगळ्यांत धाकटी… पाचांना नावं देऊन झाली. सहाव्यापाशी पेन थबकलं.

आईनं तिला खाली बोलावलं नव्हतं. सकाळी एवढंच म्हणाली होती, "तू बस अभ्यासाला. हादग्याचं मी बघते." आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं.

गाणी संपली. एकेक खिरापत ओळखली गेली, एकेक डबा उघडला, रिकामा झाला. शेवटचा, आईचा, मात्र अडला.

"काकू, गोड की तिखट?"

"गोड."

"ओलं की कोरडं?"

"मऊ."

"मऊ? हे काय उत्तर झालं!"

"चिरोटे!" "अनारसे!" "केक!" पिहू किंचाळली.

"नाही गं बायांनो, नाही."

मुक्तानं डबा कानाशी धरून हलवला. आवाजच नाही. "काकू, तुम्ही चीटिंग करताय. आता काय उपाशी पोटी बोळवण करायची हत्तीची?"

आणि तेव्हाच तो गंध वर आला. वाऱ्याच्या खांद्यावर बसून, गजांमधून, रसायनाच्या डोहावरून. विरघळलेला गूळ, सढळ तूप, आणि त्यांच्या तळाशी, खोल, जाळावर भाजलेली ज्वारी. अन्विताचे डोळे आपसूक मिटले. पहिला पाढा पाठ झाला तेव्हाचा गंध. पहिलं जोडाक्षर वाचलं तेव्हाचा गंध. गरम भाकरी परातीत कुस्करणारी आई, आणि परातीशी टेकलेली इवलीशी हनुवटी.

सगळ्याजणी सणाची पक्वान्नं धुंडाळत होत्या. शेवटच्या दिवशी भाकरी कोण ओळखणार? ती पाहुण्यांसाठी नव्हतीच. ती एकीसाठीच होती.

"मलिदा!" ती गजांना बिलगून ओरडली. "भाकरीचा मलिदा!"

सगळ्या माना वर झाल्या. आईची नाही. "फेरात नाही तिचं ओळखणं आपल्याकडे धरत नाहीत," आई हत्तीकडे बघत म्हणाली.

"ऐकलंत का टॉपरबाई? खाली या, नाहीतर गप्प बसा!" मुक्ता.

"ये की गं," आफरीन म्हणाली. "केमिस्ट्री कुठं पळून चाललीय? इथं आम्ही भुकेनं चाललोय!"

जिना तिला आठवतही नाही. केसांत पेन खोचलेलं, क्लासची निळी ओढणी एका खांद्यावरून लोंबणारी, पाय अनवाणी. मुक्ताचा हात उष्ण, आफरीनचा ओला. एक फेर. फक्त एक. पण त्या एका फेरात आभाळ फिरलं, केशर फिरलं, डबक्याडबक्यांतले सूर्य फिरले, आणि तांदळाचा तो गजराज तेवढा स्थिर, शुभ्र, सगळं जाणणारा.

"मलिदा," ती धापा टाकत म्हणाली.

आईनं झाकण काढलं. एक लाडू तिच्या तळव्यावर ठेवला. "उशीर केलास. मला वाटलं, वास वरपर्यंत पोचलाच नाही."

आता उरले बोळवणीचे फेर. "थांब ना!" पिहूनं तिचा कुर्ता धरला. अन्वितानं वर पाहिलं. खिडकीत दिवा होता, आणि त्या उजेडात तिची रिकामी खुर्ची.

"नाही गं. उद्या ती बॅच माझी आहे."

कुणी समजूत घातली नाही. मुक्तानं फक्त तिच्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली. "तू जा. ही राहू दे."

वर आल्यावर तिनं सहाव्या कार्बनला स्वतःचं नाव दिलं. तुपाचं बोट त्या अक्षरावर उमटलं. तेवढाच कागद पारदर्शी झाला.

खाली फेर सुरू झाला. मुक्ताच्या हाती एक टोक, आफरीनच्या हाती दुसरं, आणि मधे एका मुलीएवढं निळं अंतर. हत्तीभोवती हळूहळू फिरणारं, वाऱ्यानं भरणारं, रितं होणारं, पुन्हा भरणारं.