रुखमानं गाळलेली ओळ

पट्टीचा शेवटचा वेढा सुटला आणि तीन अळ्या एनॅमलच्या भांड्यात पडल्या.

"काऊन वं, नाक दाबून राह्यली?" खाटेवरचा म्हातारा म्हणाला. "पाय माहा सडला, आन वास तुले येते?"

रुखमानं चिमट्यानं चौथी अळी काढली, जखम औषधाच्या पाण्यानं धुतली, नवी पट्टी घट्ट ओढली. म्हातारा कण्हला. तिनं आणखी थोडी ओढली.

वैनगंगेच्या काठावरच्या मिशनच्या दवाखान्यात अकरा वर्षं ती आया होती. अस्वलानं फाडलेले चेहरे तिनं धुतले होते, महारोग्यांची बोटं धुतली होती, हगवणीच्या दिवसांत एका दिवसात चाळीस चादरी धुतल्या होत्या. घाणीला ती कधी भ्यायली नाही. पण या खाटेपाशी ती नाक दाबूनच यायची. पाय कितीही सडलेला असो, तिला शिसारी होती ती त्याच्या वरच्या माणसाची.

गुणवंतराव, मालगुजाराचा, म्हणजे गावाच्या जमीनमालकाचा, दिवाणजी. मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली होती, सन पंचावन्न चाललं होतं, तरी तालुक्यात त्याला अजून दिवाणजीच म्हणत. साखरेच्या बिमारीनं पाय काळा पडला तेव्हा मुलांनी त्याला बैलगाडीतून आणून व्हरांड्यात ठेवलं, आणि बैल न सोडताच गाडी वळवली. गोऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघ्यापासून पाय कापावा लागेल. तो नाही म्हणाला. आता विष वर चढत होतं.

रुखमानं त्याला ओळखलं ते आवाजावरून. त्यानं तिला ओळखलं नाही.

चौदा वर्षांमागं, पूस महिन्यात, ऐन थंडीत, रुखमाच्या नवऱ्यानं, इस्तारीनं, मालगुजाराच्या राखीव तळ्यात जाळं टाकलं होतं. मासे धरणाऱ्या ढिवराचा पोर, घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. दिवाणजीच्या शिपायांनी पकडलं. दिवाणजी तळ्याच्या पाळीवर बाज टाकून बसला आणि म्हणाला, पाण्याची एवढी हौस आहे तर उभा राहा पाण्यात. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत इस्तारी गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. रुखमा पाया पडायला गेली. दिवाणजीनं जाळ्यातली मरळ तिच्यापुढं फेकली. "तळून आन," म्हणाला. "मंग पाहू."

तिनं तळली. पाळीवरच तीन दगड मांडून, नवऱ्याच्या डोळ्यांपुढं तळली. एक घास खाऊन दिवाणजी म्हणाला, "मीठ कमी हाय." ती मीठ आणायला घरी पळाली. धापा टाकत परत आली. त्यानं सगळी मरळ काट्यासकट चोखून खाल्ली, हात धुतले, आणि इस्तारीला तसाच ठेवला.

आठव्या दिवशी इस्तारी छाती भरून गेला. तिच्या पोटातलं मूलही राहिलं नाही. दिवाणजीची घाण तर तिला वाटायचीच, पण त्याहून जास्त घाण त्या पळण्याची वाटायची. मिठासाठी ती पळाली होती.

"रुखमाबाई, दिवानजीले बाप्तिस्मा पायजे," एका सकाळी मनसाराम पाद्री म्हणाले. ते याच भागातले, उन्हातान्हात सायकलवरून गावं फिरणारे, साधे गृहस्थ. "त्याच्यापाशी दिवस कमी हायेत. तुमी त्याले विश्वासांगीकार शिकवा."

आपण कशाकशावर विश्वास ठेवतो ते सांगणारा हा पाठ बाप्तिस्मा घेणाऱ्यानं तोंडानं म्हणावा लागे. रुखमा इथं आल्यावरच ख्रिस्ती झाली होती; तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकून ऐकून तो तिला असा पाठ झाला होता की निरक्षर माणसांना शिकवायचं काम तिच्याकडेच आलं होतं.

"दुसऱ्या कोनाले सांगा नं, पाद्रीसाहेब."

"दुसरं कोन हाय?"

तिनं कारण सांगितलं नाही. पाद्रींनी विचारलं नाही.

विश्वासांगीकारावर तिचा जीव होता. त्यातल्या एका जागेवर जास्तच. देवाच्या पुत्राला ज्याच्या अमलात मारलं त्या सुभेदाराचं नाव त्यात होतं. पंतय पिलात. चर्चमधली सगळी माणसं दर रविवारी उभी राहून ते नाव मोठ्यानं घेत. रुखमानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. एका गरिबाला कोणी मारलं ते इथं कोणी विसरत नव्हतं! तेव्हापासून तोंडानं ती पिलात म्हणायची आणि मनात गुणवंतराव.

आता तीच ओळ तिला गुणवंतरावाला शिकवायची होती.

रोज दुपारी पट्टी झाली की ती स्टूल ओढून बसायची. तो हुशार होता, एकदा ऐकलं की म्हणायचा. पण प्रत्येक ओळीवर त्याचं काहीतरी असायचंच. कुमारीच्या पोटी जन्म म्हटल्यावर तो खी खी करून हसला आणि बाजूच्या खाटेकडे बघून डोळा मारला. पिलाताच्या ओळीला म्हणाला, "मालकाचा पोरगा होता नं थो? मंग शिपायानं हात कसा लावला? आमच्या मालगुजाराच्या पोराले कोनी बोट त लावून पाह्यलं असतं!"

"बापानं लावू देला," रुखमा म्हणाली.

"असा कसा बाप?"

"मले काय इचारता? म्हना. मेला, पुरला."

"मेला, पुरला," तो म्हणाला आणि उशाशी ठेवलेल्या पिकदाणीत थुंकला.

सहाव्या दिवशी तो आपणहून बोलायला लागला. ताप होता, डोळे चमकत होते. "लय पापं केली बाई म्या. पाद्री म्हन्ते, समदी धुवून निंगतात. खरंच समदी?"

"काय काय केलं?"

"काय नाई केलं? बायका रडवल्या, घरं पेटवली. पूस महिन्यात मानसं पान्यात उभी केली." तो किंचित हसला, मोठा व्यवहार सांगावा तसा.

रुखमाच्या हातात पट्टीची गुंडाळी होती. ती तिनं मांडीवर ठेवली. "कोनाले?"

"नावं कोनाले याद राह्यतात? ढिवर होते दोन-तीन." तो छताकडे बघत राहिला. मग ओठांवरून जीभ फिरवून म्हणाला, "पन त्या तळ्याची मरळ! एकदा पाळीवर बसून खाल्ली होती, तशी मंग जलमात नाई भेटली."

रुखमा उठली. मोरीपर्यंत जाऊन ओकली. तोंड धुतलं, पदरानं पुसलं, परत येऊन स्टुलावर बसली.

"म्हना," ती म्हणाली. "पवित्र आत्म्यावर माझा विश्वास आहे. पवित्र मंडळीवर. संतांच्या सहभागितेवर. देहाच्या पुन्हा उठण्यावर. कायमच्या जीवनावर."

दिवाणजीनं म्हटलं. मधली एक ओळ तिनं गाळली होती: पापांच्या क्षमेवर.

रविवारी त्याची खाट चार जणांनी उचलून व्हरांड्यात आणली. उपासना आटोपून मंडळी तिकडंच आली होती. डॉक्टरीणबाई होत्या, कंपाउंडर होता, झाडूवाली मैना होती. पाण्याचं भांडं रुखमाच्या हातात होतं. दिवाणजीनं धुतलेला सदरा घातला होता. त्याच्या अंगावरून उदबत्ती आणि कुजलेल्या मांसाचा एकत्र वास येत होता.

त्यानं पाठ म्हटला, मोठ्यानं, कचेरीत हुकूम वाचावा तसा. पाद्री थांबले. "शेवटचं पुन्हा म्हना, दिवानजी."

त्यानं पुन्हा म्हटलं. ओळ नव्हतीच. पाद्रींनी रुखमाकडे पाहिलं.

"रुखमाबाई, एक ओळ राह्यली."

सगळे तिच्याकडे बघत होते. "मले नाई आठवत," ती म्हणाली.

हजारदा तिच्या तोंडून ती ओळ ऐकलेली माणसं तिथं उभी होती. शेवटी पाद्रींनी स्वतःच ती म्हटली. दिवाणजीनं ते दोन शब्द त्यांच्यामागून म्हटले, फुकटात मिळालेली वस्तू खिशात टाकावी इतक्या सहज. पाद्रींनी भांड्यात हात बुडवला. तीनदा पाणी त्याच्या टकलावर पडलं, नाकावरून ओघळलं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि विचारलं, "झालं?"

रुखमाला वाटलं, उरलेलं पाणी त्याच्या तोंडावर फेकावं. तिनं ते जास्वंदीच्या बुडाशी ओतलं.

दुपारी ती विहिरीवर चादरी आपटत होती तिथं पाद्री आले.

"ओळ तुमी भुलल्या नाई."

"नाई."

मग तिनं सगळं सांगितलं. आपटणं न थांबवता सांगितलं. तळं, मरळ, मीठ. चौदा वर्षांत हे कोणाला सांगितलं नव्हतं. पाद्री विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकत राहिले.

"मले पह्यले सांगाले पायजे होतं," ते म्हणाले.

"सांगतलं असतं त पानी टाकलं नसतं त्याच्या डोक्यावर?"

पाद्री म्हणाले, "टाकलंच असतं."

"मंग कायले सांगू?" तिनं चादर पिळली. "एक सांगा. दिवानजी मेला का कुठी जाईल?"

"देवापाशी. आपला विश्वास तसाच हाय."

"आन इस्तारी? त्यानं त येशूचं नावबी आयकलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर कोनी पानी नाई टाकलं, पाद्रीसाहेब. त्याच्या त गळ्यापर्यंत होतं."

मनसाराम पाद्रींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या तोंडून शास्त्रातलं काहीतरी येईल म्हणून ती वाट बघत होती. आलं असतं तर बहुतेक ती चादर तिथंच टाकून निघून गेली असती.

"मले मालूम नाई," ते म्हणाले. "मालूम हाय म्हनलो त खोटा बोलीन."

"मारनारा आत आन मरनारा बाहेर. मले त वीट आला."

"मलेबी कधी कधी येते," पाद्री हळूच म्हणाले. मग उठले आणि चादरीचं दुसरं टोक धरून पिळू लागले. दोघांनी मिळून उरलेल्या सगळ्या चादरी पिळल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी झाल्यावर रुखमानं पुन्हा स्टूल ओढलं.

"आता काय?" दिवाणजी म्हणाला. "पाठ त संपला."

"एक राह्यलं. म्हना. इस्तारी."

"हे कोन?"

"म्हना. इस्तारी ढिवर. पूस महिन्यात त्याले म्या तळ्यात उभा केला. आठव्या दिसी थो मेला. त्याच्या बायकोनं मरळ तळली, थे म्या खाल्ली."

तो तिच्याकडे बघायला लागला. पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा दिवाणजी हळूहळू उतरला आणि मागं एक घाबरट, बोळक्या तोंडाचं म्हातारं उरलं.

"तू... मीठ आनाले गेली थे?"

म्हणजे त्याला आठवत होतं. नाव नाही, चेहरा नाही. मीठ आणायला गेलेली.

"थेच," ती म्हणाली.

त्याची नजर तिच्या हाताकडे गेली, मग उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या गिलासाकडे. हा गिलास रोज तीच भरत होती. त्याचे ओठ सुकले होते, पण तो हात पुढं करेना. तो काय विचार करतोय ते रुखमाला कळलं. तिनं गिलास उचलला, स्वतः एक मोठा घोट घेतला, मग डाव्या हातानं त्याचं घामेजलेलं डोकं वर उचलून गिलास त्याच्या तोंडाला लावला. तो प्याला. पाणी हनुवटीवरून गळत राहिलं.

"म्हना आता," ती म्हणाली.

"इस्तारी ढिवर," तो म्हणाला.

रोज पट्टीनंतर ती म्हणवून घेत गेली. क्षमेचं एक अक्षर तिनं काढलं नाही, त्यानंही क्षमा मागितली नाही. पुढं विष डोक्यात चढलं, मुलांची नावंसुद्धा तो विसरला. बाप्तिस्म्यानंतरच्या नवव्या सकाळी पाद्री वॉर्डातून बाहेर आले तेव्हा ती ड्रेसिंगची भांडी उकळत होती.

"दिवानजी बरळून राह्यला," ते म्हणाले. "विश्वासांगीकारच म्हन्ते. पन पिलातापाशी आला का मधीच इस्तारी ढिवराचं नाव घेते. पान्यात उभा केला म्हन्ते, मेला म्हन्ते, मंग पुढं जाते. समजून म्हन्ते का नुसता ताप हाय, मले कळत नाई." ते अडखळले. "पाठात नाई हे नाव. थांबवू त्याले?"

रुखमा वाफेकडे बघत राहिली. तिलाही कळत नव्हतं, आणि ते कळायला कोणता मार्गही नव्हता.

"नोका थांबवू," ती म्हणाली. "म्हनू द्या."

दुपारी तो गेला. मुलं आली, दारातूनच बघितलं, बाटलेल्या प्रेताला हात लावणार नाही म्हणाली आणि गेली. मयत धुणं आयाचं काम होतं. मैना म्हणाली, "राहू दे माय, मी धुतो." पण रुखमानंच धुतलं, बोटांच्या बेचक्या, कानांमागची घाण, तो पाय. दोनदा ती दाराशी जाऊन मोकळी हवा घेऊन आली. शेवटी तिनं त्याला धुतलेला सदरा चढवला आणि बटणं वरपर्यंत लावली.

दफनाला ती गेली नाही. चर्चमागून गाण्याचा आवाज येत होता तेव्हा तिनं त्याची खाट ओढत अंगणात आणली, आडवी पाडली आणि ढेकूण मरावेत म्हणून सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतलं. मग खाट सुकेपर्यंत ती शेजारी, उन्हातच बसून राहिली.