डॉलरचं खातं

प्रसन्नने तक्त्यातली तिसरी ओळ पिवळी केली, लॅपटॉप थोडा मागे ढकलून तिच्याकडे पाहिलं आणि रंग परत काढून टाकला. शुक्रवारपासून ही ओळ सहा वेळा पिवळी झाली होती. आज मंगळवार.

तक्त्यात तीन खाती होती. तिन्हींत अमेरिकन डॉलर ठेवता येत होते, तिन्हींबरोबर डेबिट कार्ड मिळत होतं. पहिलं घरबसल्या तासाभरात उघडायचं, पण बाहेरून आलेल्या रकमेवर बऱ्यापैकी फी कापून घ्यायचं. दुसऱ्याची फी कमी, पण कार्डावर दिवसाला फार थोडी रक्कम खर्च करता यायची. तिसरं सगळ्यांत स्वस्त. त्याला फक्त कागदपत्रं घेऊन शाखेत जायचं आणि कामाचे पाच दिवस थांबायचं. पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक पडत होता दोनशे दहा डॉलरचा.

प्रसन्न परदेशात, हॉर्नबी नावाच्या उपनगरातल्या एका मोठ्या गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. आकडे नीट मांडले की उत्तर आपोआप दिसतं, यावर त्याचा आयुष्यभर विश्वास. म्हणून त्याने फीचा रकाना केला, विनिमय दराचा केला, कार्ड हरवलं तर काय याचाही केला. खात्यात घालायला पैसे कुठून आणायचे याचा रकाना मात्र त्याने केला नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण आड खणणं त्याच्या हातात नव्हतं, पोहरा निवडणं होतं.

सोफ्यावर मेधा गरम पाण्याची पिशवी छातीशी धरून पडली होती. तिने उभ्या जन्मात सिगारेट ओढली नव्हती आणि तिला फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. त्याच्यावर औषध होतं, डॉक्टरांनी नावही लिहून दिलं होतं, पण ते इथल्या सरकारी यादीत नव्हतं. पदरचे पैसे घालून इथे घ्यायचं तर घर विकावं लागलं असतं, आणि घर बँकेचंच होतं. शेवटी क्वालालंपूरच्या एका हॉस्पिटलने निम्म्या किमतीत ते द्यायची तयारी दाखवली. पहिल्या तीन डोसांचे अठ्ठावीस हजार अमेरिकन डॉलर त्यांना सोमवारी संध्याकाळपर्यंत हवे होते, नाहीतर ती तारीख दुसऱ्या कुणाला जाणार होती. त्यानंतरची तारीख दोन महिन्यांनी. डॉक्टरांना प्रसन्नने विचारलं होतं, थांबलं तर चालेल का. डॉक्टर भली बाई. तिने त्याच्याऐवजी खिडकीकडे पाहत सांगितलं होतं की ती महिन्यांचा नाही, आठवड्यांचा विचार करते आहे.

त्यांच्याजवळ अकरा हजार होते.

"झालं का ठरवून?" मेधाने डोळे न उघडता विचारलं.

"तिसरं बरं वाटतंय. फक्त पाच दिवस लागतात."

"पाच दिवसांनी सोमवार उलटून जातो, प्रसन्न."

"कधीकधी लवकर उघडतात म्हणे."

"बाजारात तुरी," मेधा म्हणाली. म्हणीचा पुढचा भाग तिने खोकल्यात घालवला. खोकला थांबेपर्यंत प्रसन्न कीबोर्डवर बोटं ठेवून बसून राहिला. शुक्रवारी अर्ज केला असता तर या शुक्रवारी खातं उघडलं असतं, हा हिशेब त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दोनशे दहा डॉलर वाचवताना त्याने चार दिवस घालवले होते आणि हे आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

"कार्डावर माझं नाव लागतंच का?" तिने विचारलं.

"मला पहिल्या डोसनंतर कामावर यावं लागेल. तीन आठवडे तू एकटी असशील तिथे. टॅक्सी, जेवण, औषधं, सगळं कार्डावर."

"एकटी," ती म्हणाली आणि पिशवी उलटी करून पुन्हा छातीशी धरली.

स्वयंपाकघरातून ओवी वरणभाताचं ताट घेऊन आली. बारा वर्षांची पोर, पण आता कुकर लावायला शिकली होती. त्यांच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं. ही सगळी भांडी कऱ्हाडहून आलेली. प्रसन्नचे वडील रावसाहेब, म्हणजे आप्पा, यांचं तिथे स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं, आणि आप्पा नाव घातल्याशिवाय घरच्या माणसालाही भांडं देत नसत. नाव असलं की इथल्या लोकांच्या घरी पाठवलेला डबा परत तरी येतो, असं मेधा पूर्वी हसून सांगायची.

पैशांचं आप्पांना सांगून पंधरा दिवस झाले होते. सांगताना प्रसन्नने मागितले असं नव्हे, पण पडलेल्या आवाजात आकडा बोलून गप्प बसणं म्हणजे मागणंच. आप्पा म्हणाले होते, माझं मी बघतो, तू खातं उघड. कितीचं बघताय, हे काही केल्या सांगत नव्हते. कुठेतरी मुदत ठेव असेल, असं प्रसन्नने धरलं होतं. चार-पाच हजार डॉलर भरतील. मग उरलेल्यांचं काय, इथे येऊन त्याचं डोकं थांबायचं आणि तो पुन्हा तक्ता उघडायचा.

सात वाजता टॅबलेट वाजला. ओवीने ताट प्रसन्नपुढे ठेवून तो उचलला, मीठदाणीला टेकवून उभा केला. पडद्यावर आप्पा आले. कऱ्हाडला दुपारचे साडेबारा वाजले असणार. एरवी या वेळेला त्यांच्या मागे पातेल्यांच्या उतरंडी चमकत आणि मध्येच ते गिऱ्हाइकाला भाव सांगत. आज ते बनियनवर घरात बसले होते आणि मागे नुसती भिंत होती.

"आजोबा, व्हेअर आर ऑल द पॉट्स?" ओवीने विचारलं.

"दुकान वाढवलं, ओवी."

"बिगर? दॅट्स सो कूल. हीप्स बिगर?"

आप्पांनी तिला दुरुस्त केलं नाही.

"हो गं," ते म्हणाले. "खूप."

प्रसन्नच्या हातातला घास ताटात पडला. दुकानदाराच्या घरात तो वाढला होता. त्या घरात दुकान कधी बंद होत नसे. रात्री फळी लावली की दुकान वाढवलं म्हणायचं, बंद हा शब्द दुकानाला लावायचाच नाही. लहानपणी एकदा त्याने तो लावला म्हणून आजीने त्याला देवापुढे नाक घासायला लावलं होतं. पण रात्री वाढवलेलं दुकान सकाळी उघडतं. साडेबाराला कुणी वाढवत नाही.

"आत्ता, आप्पा? दुपारचं?"

"आत्ता नाही. परवाच."

सोफ्यावर मेधा कोपरावर उठून बसली. दादरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, पण कऱ्हाडच्या घरात तिने चार दिवाळ्या काढल्या होत्या.

"आप्पा, हे नको होतं करायला," ती म्हणाली.

"तू खाल्लंस का काही?"

"आप्पा, मी काय म्हणतेय."

"ऐकलं की. ओवी, आईला भात वाढ बघू. मऊ, तूप घालून."

ओवी आत गेली. प्रसन्नला काही बोलायचं होतं. पण चाळीस वर्षांचं दुकान आणि आपल्या तक्त्यातले दोनशे दहा डॉलर एकाच वेळी डोळ्यांपुढे आल्यावर माणसाला जे होतं ते त्याला झालं. मान वर करून बापाकडे बघवेना. त्याला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खालून, तिला बाजूला सारून, कितीला गेलं हा प्रश्न वर आला, त्याची त्याला आणखी लाज वाटली.

"कोणी घेतलं?" एवढंच त्याने विचारलं.

"शेजारचा गुरुनाथ. मोबाईलवाला. त्याला जागा वाढवायचीच होती." आप्पा स्वतःच्याच शब्दाला जरासे हसले. "माल घाऊकवाल्याने परत उचलला. काही वजनावर गेला. सतरा हजार डॉलर आणि वर थोडे बसतात, मी मॅनेजरकडून करून घेतला हिशेब. तुला तेवढेच कमी पडतात ना?"

"तेवढेच."

"मग झालं तर."

"आणि तुम्ही दिवसभर करणार काय?"

"झोपेन दुपारचा. चाळीस वर्षांत दुपारची झोप कशी असते ते पाहिलं नाही." त्यांनी घसा साफ केला. "आता ऐक. मॅनेजर म्हणतो, पैसे आज मार्गी लावले तर शुक्रवारपर्यंत पोचतील. त्याला कागदावर पाहिजे, कुठल्या देशात, कुठल्या चलनात, कोणाच्या नावावर, खात्याचा नंबर काय. पंधरा दिवस झाले मी तुला विचारतोय. तू खातं निवडलंस का?"

प्रसन्नने लॅपटॉप पुढे ओढला. तिन्ही ओळी पांढऱ्या होत्या.

"एक आत्ता उघडतं," तो म्हणाला. "दुसरं स्वस्त आहे, पण त्याला वेळ लागतो."

"फरक किती?"

"दोनशे दहा डॉलर."

आप्पांनी मनात गुणाकार केला असणार, कारण त्यांचे ओठ हलले. मग ते दुकानातल्या आवाजात बोलले.

"घासाघीस वेळ असलेल्या गिऱ्हाइकाने करावी. आत्ता उघडणारं घे."

प्रसन्नने पहिल्या खात्याचा अर्ज उघडला. पासपोर्टचा फोटो चढवला, पत्ता भरला, दुसऱ्या कार्डाच्या रकान्यात मेधाचं नाव घातलं. मेधा भाताची वाटी हातात धरून बघत होती. नको, असं ती पुन्हा म्हणाली नाही. ते न म्हणणं तिला किती जड गेलं, हे तिच्या हातातल्या चमच्याकडे पाहून कुणालाही कळलं असतं. भात तसाच गार होत होता.

ओवी परत येऊन त्याच्या खुर्चीच्या पाठीला रेलून उभी राहिली. अर्जाचं शेवटचं पान आलं. खात्यात येणारी मोठी रक्कम कुठून येणार, हे बँकेला आधी सांगावं लागत होतं. पाठवणाऱ्याचं नाव, रावसाहेब. नातं, वडील. कारण, भेट. त्याखाली एक चौकट उरली होती.

"ऑक्युपेशन ऑफ सेंडर," ओवीने वाचलं. "शॉपकीपर. ऑबव्हियसली."

प्रसन्नचे हात कीबोर्डवरून खाली आले. खोटं लिहिलं तर बँक पैसे अडवून ठेवते, हे त्याने तक्ता करताना कुठेतरी वाचलं होतं. खरं लिहावं तर ते त्याच्याने लिहवेना.

"काय रे, अडलं काय?" आप्पांनी विचारलं.

"तुमचा व्यवसाय विचारतायत."

पडद्यावर आप्पांच्या मागे पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी बाजूच्या खुंटीवरचा सदरा काढला आणि अंगात घालायला सुरुवात केली, बहुधा बँकेत जायचं म्हणून.

"किल्ली गुरुनाथला संध्याकाळी सहाला द्यायची आहे," ते बटण लावत म्हणाले. "तोपर्यंत दुकानदारच आहे मी. लिही लवकर, म्हणजे खोटं व्हायचं नाही."

प्रसन्नने मान हलवली. स्पेलिंग त्याला येत होतं, पण ते ओवीने टाइप केलं.