एक लांब घंटी

नायरीने मेलेल्या मेंढीच्या कुशीवर बूट रोवला, दोन्ही मुठींत लोकर धरली आणि ओढली. लोकर कातडीचा लिबलिबीत तुकडा घेऊनच निघाली. आतला वास भसकन तोंडावर आला, तशी ती मान वळवून ओकली, बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली. आणखी दोन दिवस सडू दिलं असतं तर लोकर आपसूक सुटली असती, पण मालकाला, ड्यूअरला, घाई होती.

हिवाळा अजून पंधरा दिवस लांब होता आणि ओटागोच्या डोंगरांत एका रात्रीत कंबरभर बर्फ पडला होता. खोऱ्यातल्या बाकीच्यांनी आदल्या दिवशीच मेंढ्या खाली आणल्या. ड्यूअरच्या तेवढ्या वर राहिल्या, आठशेच्या आठशे. आठवड्याने बर्फ वितळला तेव्हा त्या कुंपणाला चिकटून, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या सापडल्या. डोळे पक्ष्यांनी आधीच नेले होते.

ड्यूअर भेटेल त्याला सांगत होता, "मर्डोने आम्हाला फोनच केला नाही. म्हातारा ब्याऐंशीचा झाला. विसरला, दुसरं काय!"

खोऱ्यातल्या सहा घरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. सकाळी सव्वासातला एक लांब घंटी वाजली की सगळ्यांनी रिसीव्हर उचलायचा आणि मर्डो गेडिसने हवेचा अंदाज सांगायचा, हे तीस वर्षं चाललं होतं. रेडिओवाले अख्ख्या प्रांताचं सांगत, मर्डो आपल्या दुखऱ्या गुडघ्यावरून ह्या खोऱ्याचं सांगे. एरवी ज्याची त्याची घंटी वेगळी. दुसऱ्याची घंटी वाजली तरी हळूच रिसीव्हर उचलून सगळेच ऐकायचे आणि कबूल कुणीच करायचं नाही, अशी तिथली रीत. मिसेस पॅस्कोंच्या टेलिफोनशेजारी भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याची टिकटिक तारेवर आली की बोलणारे शहाण्यासारखा विषय बदलत.

बर्फाच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, वारा फिरला. माणसं कामावर गेलेली, म्हणून मर्डोने एकेका घराची घंटी कुणी उचलेपर्यंत वाजवली. ड्यूअरच्या स्वयंपाकघरात ती तिथे कामाला असलेल्या नायरीने उचलली होती. पाटीवर लिहून घेतलं होतं: उद्या रात्री बर्फ, पार नदीपर्यंत, मेंढ्या खाली आणा. ड्यूअर आला, त्याने वाचलं आणि बाहीने पाटी पुसली.

"वर अजून दहा दिवसांचा चारा आहे," तो म्हणाला होता. "म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर फार्म चालवू की काय मी?"

नायरी पुन्हा बटाटे सोलायला बसली होती. तिचा नवरा क्लेम ड्यूअरकडे मेंढपाळ, राहतं घर ड्यूअरचं. तेव्हा तिने मिठाची गुळणी धरली ती आजतागायत. स्वतःची किळस येते म्हणजे काय, हे तिला या दिवसांत कळलं होतं.

दुपारी मर्डो काठी टेकत वर आला. खांद्यावर रिकामं पोतं होतं. कुणाशी काही न बोलता तो नायरीशेजारच्या मेंढीपाशी गुडघ्यावर बसला आणि लोकर उपटू लागला.

"मर्डो, तुम्ही कशाला हे करताय? ठेवा ते."

"माझ्यामुळे मेल्या गं ह्या." त्याने वर पाहिलं नाही. "माझ्या वहीत ड्यूअरच्या नावापुढे फोन केल्याची खूण आहे. पण खुणेचं काय, हात सवयीने करून जातो. मला एका बाईचा आवाज आठवतो. मी दोनदा सांगितलं, तिने दोनदा म्हणून दाखवलं. मग विचारलं, गुडघा कसा आहे."

नायरीच्या मुठी लोकरीत तशाच राहिल्या.

"माझ्या गुडघ्याची चौकशी फक्त जीन करायची, पोरी. तिला जाऊन पाच वर्षं झाली. म्हणजे मी रिकाम्या तारेवर बायकोशी बोलत बसलो होतो." त्याने लोकरीचा पुंजका पोत्यात कोंबला. "मेंढ्यांचं सोड. मला माझ्या डोक्याचीच भीती वाटायला लागलीय."

नायरीने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून ड्यूअर आला आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"झालं ते झालं, मर्डो. वय कुणाला चुकलंय? मी मनात ठेवलेलं नाही."

"फार मोठं मन आहे तुझं," मर्डो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

नायरी हात पुसत उठली.

"चहा आणते," एवढंच ती बोलली.

सोमवारी सव्वासातला एक लांब घंटी वाजली. ड्यूअर टेबलाशी लापशी खात होता. रोजच्याप्रमाणे नायरीने रिसीव्हर उचलला. ती ऐकायची आणि त्याला मोठ्याने सांगायची.

"आजचा हा माझा शेवटचा अंदाज," मर्डोचा आवाज आला. "उद्यापासून मिसेस पॅस्को सांगतील. माझ्याकडून चूक झाली, सगळ्यांनी सांभाळून घेतलंत."

"असं काय म्हणता, मर्डो," मिसेस पॅस्को गोड आवाजात म्हणाल्या. "आता आराम करा." त्यांच्यामागे घड्याळ टिकटिकत होतं.

नायरीला ते घड्याळ आठवलं. त्या बुधवारी ती मर्डोला गुडघ्याचं विचारत होती, तेव्हा ह्याच घड्याळाने तारेवर चार ठोके दिले होते. रिसीव्हर धरलेल्या हाताला तिने चारदा साबण लावला होता, तरी वास गेला नव्हता.

"मर्डो," ती म्हणाली, "गुडघा कसा आहे?"

ड्यूअरचा चमचा थांबला.

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"त्या बुधवारीही मीच विचारलं होतं. तुम्ही दोनदा सांगितलंत, मी पाटीवर लिहिलं, बॉसने पुसलं. आणि मिसेस पॅस्को, तुमच्या घड्याळात तेव्हा चार वाजत होते."

"ठेव तो फोन!" ड्यूअर उठला. खुर्ची मागे पडली.

घड्याळ टिकटिकत राहिलं. मग मिसेस पॅस्कोंचा आवाज आला, पार बदललेला. "दोनदा सांगितलं त्यांनी."

"हो, दोनदा," आणखी कुणीतरी म्हणालं.

"मीही ऐकलं," तिसरं कुणी.

मर्डोने घसा साफ केला.

"दुखतोय गं, पोरी. काल रात्रीपासून फार दुखतोय. वारा दक्षिणेचा, बर्फाकडचा झालाय. उद्या दुपारपासून बर्फ, पार नदीपर्यंत."

"उद्या दुपारपासून बर्फ, पार नदीपर्यंत," नायरीने मोठ्याने म्हणून दाखवलं. ड्यूअर अगदी जवळ येऊन उभा होता. तिने पाटी पुढे ओढली आणि लिहायला घेतलं.