ओल्या वाळूचं वजन

"आई, पाय काढा."

"कुठला पाय?"

"तुमचा. मागून काट्यावर ठेवलाय ना? मला माहितेयत तुमच्या खोड्या."

मी होते स्वयंपाकघराच्या दारात, हातात अर्धी सोललेली काकडी. माझे दोन्ही पाय माझ्याच चपलांत. जावईबापू बाथरूमच्या दाराशी वजनाच्या काट्यावर उभे, पोट आत ओढलेलं, श्वास कोंडलेला. त्यांनी मागे वळून माझे पाय बघितले आणि त्यांचा चेहरा पार उतरला. पाय माझा असता तर बरं झालं असतं, असंच वाटलं असणार त्यांना. मलाही वाटलं.

"किती?"

"ब्याण्णवच्या वर."

"काल तर एकोणनव्वद होतं!"

"तेच म्हणतोय ना मी!"

एका रात्रीत तीन किलो. चोर आले की घरातलं नेतात, आमच्याकडे कुणीतरी आणून ठेवून गेलं होतं.

मग सुरू झाली झडती. अंगठी काढली. चष्मा काढला. चष्म्याशिवाय आकडा दिसेना म्हणून मला वाचायला बोलावलं. काटा हॉलमध्ये नेला, गॅलरीत नेला, माझ्या खोलीतल्या सपाट फरशीवर ठेवला. आमचं सगळं घर हिंडून आला तो काटा, पण जिथे जाईल तिथे तेच सांगत होता.

"आई, बेबीला सांगू नका," ते हळूच म्हणाले.

बेबी म्हणजे माझी लेक. चाळिशी उलटली तरी बेबीच. ती आत झोपली होती. आदल्या दिवशी डायलिसिस झालं की दुसऱ्या दिवशी ती अशी उशिरापर्यंत पडून असते, धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखी. दोन्ही किडन्या गेल्यात तिच्या. हातातल्या ज्या शिरेतून रक्त काढतात ती शीरही आता कुरकुर करायला लागलीय. आणि नवरा म्हणाला, माझी घ्या. तपासलं तर जुळली! मी डॉक्टरांना म्हटलं, अहो, या दोघांचं लग्नापासून एका गोष्टीत जुळलेलं नाही, नीट बघा एकदा. त्यांनी नीट बघितलं. जुळली.

अडलं होतं ते फक्त वजनावर. डॉक्टर म्हणाले, नव्वदच्या आत या, एवढ्या पोटातून किडनी काढणं धोक्याचं असतं. आमचे जावई तेव्हा एकशे आठ. पहिल्यांदा आमच्या घरी आले होते तेव्हा लिफ्ट दोन मजले चढली आणि थांबून म्हणाली, पुढचे तुमचे तुम्ही या. खोटं वाटत असेल तर इमारतीतल्या जुन्या लोकांना विचारा. त्यातले निम्मे आता हयात नाहीत, तो भाग वेगळा. पण अशा माणसाने महिनोन्‌महिने उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, रोज कामावर चालत गेला. पट्ट्याला भोकं पाडून पाडून पट्ट्याची जाळी झाली. आणि आता उद्या शेवटची तपासणी, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, तर हे असं.

"काल काय खाल्लंत?"

"काही नाही."

"जावईबापू."

"बदलीचा माणूस आला नाही. डबल ड्युटी झाली. खुर्चीतून उठायलाच मिळालं नाही. मिशी म्हणतो ना आम्ही, त्या ड्रायव्हरने खारे दाणे दिले, मूठभर."

"कुणाची मूठ?"

त्यांची मूठ म्हणजे माझी वाटी, ताट आणि वर थोडं तबकात.

"मग हॉस्पिटलात फोन करून विचारा की. ती नर्स चांगली आहे."

"आणि त्यांनी तारीखच रद्द केली म्हणजे? काट्यावर हुज्जत चालत नसते, आई. आकडा वर तर वर. गाडी मागे."

हे त्यांचं धंद्यातलं बोलणं. नदीकाठच्या खडी-वाळूच्या खाणीच्या गेटवर मोठा वजनकाटा आहे, अख्खा ट्रक उभा राहतो त्याच्यावर. तिथे बसतात ते. ट्रक भरून आला की वजन करायचं, जास्त भरलं तर मागे पाठवायचा. ड्रायव्हर लोक त्यांना काटामास्तर म्हणतात. समोर म्हणतात ते हे, मागे काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

ते तसेच निघाले. नाश्ता नाही, चहा नाही. पाण्याची बाटली टेबलावर ठेवून गेले. विसरले नव्हते. टेबलाशी थांबून, बघून ठेवून गेले होते.

दुपारी मी डबा आणि ती बाटली घेऊन गेटवर गेले. ऊन असं की माझी सावलीसुद्धा माझ्या पायाखाली घुसून बसली होती. काट्याच्या केबिनची काच बंद, पंखा बंद. आत आमचे जावई. अंगात स्वेटर, वर जाकीट, त्याच्यावर पावसाळी कोट. चेहरा लाल टोमॅटो. बाहेर एक ट्रक काट्यावर उभा, वाळूने भरलेला, आणि त्याच्या मागच्या फळीतून पाणी टपाटपा गळतंय.

खाली ड्रायव्हर उभा. मिशी बघूनच ओळखला, कालचे दाणे याचेच.

"मास्तर, पाणी आहे हो ते! आत्ता नदीतून धुऊन काढलीय वाळू. तासभर उभी केली तर आपोआप उतरेल वजन."

"काट्याला पाणी कळत नाही. खाली कर थोडी."

"अहो, वाळू तेवढीच आहे! डोळ्यांना दिसतंय की गळताना!"

"डोळ्यांनी वजन करतात का? मागे घे."

"मागच्या जन्मी तराजू होता तुम्ही," मिशी म्हणाला आणि मला बघून एकदम सभ्य झाला. "नमस्कार, मावशी. मास्तरांना ताप आलाय का? सकाळपासून कपड्यांचं दुकान घालून बसलेत."

मी केबिनचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली. बाटली पुढे केली.

"प्या."

"नको."

"एक घोट."

"एक घोट म्हणजे किती ग्रॅम, माहितेय?" त्यांचा आवाज फाटला होता. ओठांवर पापुद्रे. "उद्या सकाळपर्यंत नाही. घाम गाळतोय, थुंकतोय, जमेल तेवढं बाहेर काढतोय. तुम्ही जा घरी."

मिशी दारात येऊन ऐकत होता. त्याला काय चाललंय ते ठाऊक होतं. बेबीच्या आजाराची गोष्ट त्या गेटवर सगळ्यांना माहीत.

"मास्तर," तो डोकं खाजवत म्हणाला, "मी एकदा असंच केलं होतं. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. वजन बसेना म्हणून रेडिएटरचं पाणी सोडून दिलं. बसलं बरोबर. काट्यावरून ऐटीत गेलो."

"मग?"

"पुढच्या चढावर इंजिन जळालं."

जावयांनी पुसलेली काच पुन्हा पुसली आणि त्याला हात केला, मागे घे म्हणून. ट्रक मागे गेला. काट्यावर ओल्या चाकांचे पट्टे राहिले, ते बघता बघता वाळले. मी डबा तिथेच ठेवून आले. संध्याकाळी तो जसाच्या तसा परत आला.

जावई घरी आले तेव्हा त्यांना उंबरा दिसला नाही, अडखळले. बेबी सोफ्यावर बसली होती. तिने नुसतं बघितलं. मी उगाच माझ्या आत्याची गोष्ट काढली, ती शिंकली की पाव किलोने उतरायची, एकदा सर्दीत अशी हलकी झाली की तिला उशीला बांधून ठेवावं लागलं. एरवी बेबी हसते, म्हणते, आई, मागच्या वेळी खाटेला बांधली होतीस. आज हसली नाही.

"हा पाणी का पीत नाहीये?" तिने मला विचारलं.

"कोण?"

"आई."

मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरात चर्र असा आवाज झाला. गोळीचं पाकीट फाडल्याचा. या घरात तो आवाज झोपेतही ओळखतो आम्ही. बेबी माझ्या आधी उठली. दोन पावलांवर धाप लागणारी माझी लेक एका दमात तिथे पोहोचली.

फ्रीजवरचा तिच्या औषधांचा डबा उघडा होता. जावयांच्या तळहातावर एक पांढरी गोळी. अंगावरची सूज उतरायला तिला दिलेली, शरीरातलं पाणी बाहेर काढणारी.

"ती माझी आहे," बेबी म्हणाली.

"एकच. उद्यापुरती."

"ठेव खाली."

"बेबी, वजन वाढलंय. सकाळी ब्याण्णव होतं. आता एक्याण्णव. दिवसभर थेंब नाही घेतला तरी एक्याण्णव! ही घेतली की सकाळपर्यंत होईल बरोबर. मग हवं तेवढं ओरड माझ्यावर."

"आणि उद्या रक्त तपासणारेत त्याचं काय?"

"रक्तात काय दिसणारे?"

"तू मला काय देणारेस, सांग बरं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. तेवढा दमच नव्हता तिच्यात. "किडनीच ना? मग तिलाच का मारतोस? वाळवून दिलेली काय करू मी? मुखवासात घालू?"

मला हसू फुटलं, ते मी पदराने दाबलं. तिला नाही फुटलं.

"त्यांनी मागे पाठवलं तर?" जावई म्हणाले. एवढा धिप्पाड माणूस, ओट्याला टेकून उभा होता आणि ओटा नसता तर खाली बसला असता. "महिनोन्‌महिने झाले, बेबी. एक दिवस, एकच दिवस मी खुर्चीत बसून राहिलो. तू ज्या मशीनवर पडतेस ना, तिथे काचेतून बघतो मी. ती शीर बसली तर? मी दाणे खाल्ले म्हणून?"

बेबीने त्यांचा हात धरला. बोटं एकेक करून उघडली. त्यांनी मूठ आवळली असती तर तिच्याच्याने उघडली नसती, हे दोघांनाही माहीत होतं. गोळी तिने घेतली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

"माझी रात्रीची होतीच," ती म्हणाली आणि जाऊन झोपली.

त्यांनी पाणी मात्र प्यायलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट. मी पेला भरून त्यांच्या उशाशी ठेवला होता. सकाळी तो तितकाच भरलेला.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत काटा कोपऱ्यात होता, उंच दांड्याचा. नर्स ठेंगणी आणि तिखट. तिने बोटाने खूण केली, चढा. जावयांनी बूट काढले, मोजे काढले, पट्टा काढला. पँट हाताने धरून चढले. बेबी खुर्चीत, मी तिच्या मागे उभी.

"नव्वद पूर्णांक आठ," नर्स म्हणाली.

ते काट्यावरून उतरेनात. मला वाटलं, चक्कर आली की काय. मग त्यांनी खाली बघत, कुणाला तरी चोरून सांगावं तसं म्हटलं, "सिस्टर, हे... हे पाणी आहे हो."

त्या गेटवर आयुष्यभर हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं. एकदाही ऐकून घेतलं नव्हतं. आता ते दांड्याला धरून उभे होते आणि ती काय म्हणते याची वाट बघत होते. कानाची पाळी लालभडक झाली होती.

नर्सने त्यांना खुर्चीत बसवलं. पँट वर करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तर तिथे खळगा तसाच राहिला.

"खारट काय खाल्लंत?"

"दाणे."

"आणि दिवसभर पाय लोंबकळत बसलात?"

"डबल ड्युटी होती."

"मग असणारच की पाणी! तीन किलो चरबी एका रात्रीत चढवायला माणसाला भिंती खाव्या लागतील." मग तिने त्यांचे ओठ बघितले, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि तिचा आवाज बदलला. "पाणी कधी प्यायलात शेवटचं?"

ते मोजे चढवायला लागले.

"परवा," बेबी म्हणाली.

नर्सने हातातली सुई पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. "या अवस्थेत रक्त घेतलं तर किडनी बिघडलीय असंच येईल. मग मात्र खरंच घरी पाठवतील तुम्हाला." ती उठून डॉक्टरांच्या खोलीत गेली. आतून काही ऐकू येईना. जावई भिंतीकडे बघत होते, बेबी त्यांच्याकडे. मी सुचेल त्या देवाला लाच देऊ केली. एकाला तर लिफ्टची गोष्ट पुन्हा सांगणार नाही असंही कबूल केलं. ते पाळायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.

नर्स बाहेर आली. "गुरुवारी या. साधं जेवा, मीठ कमी, पाय वर घेऊन झोपा, आणि पाणी प्या. वजन, रक्त, सगळं तेव्हा बघू. तारीख हलवलेली नाही डॉक्टरांनी." मोठा पेला भरून तिने जावयांच्या हातात दिला. "हा इथेच, माझ्यासमोर संपवा." आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून ती गेली.

जावयांनी पेला घेतला आणि ते उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले. गेल्या दोन वर्षांत बेबीसमोर ते कधी पाणी प्यायले नाहीत. तिला दिवसाला मोजून मिळतं, आणि त्यातलं निम्मं गोळ्या गिळण्यातच जातं.

"इकडे तोंड कर," बेबी म्हणाली.

"राहू दे ना."

"इकडे तोंड करून पी. सावकाश."

ते वळले. प्यायला लागले. पहिले दोन घोट घशात अडकले, मग पाणी सरळ जाऊ लागलं. बेबी खुर्चीत पुढे सरकून बघत होती. त्यांच्या प्रत्येक घोटाबरोबर तिचाही गळा हलत होता.