झिंगूच्या बैलावरचा बट्टा

मी एक जुना पटाचा बैल आहे. नाव बांड्या. आता माझे दात झिजलेत आणि उठताना गुडघे कुरकुरतात. पण एके काळी आरमोरीकडच्या शंकरपटात माझं नाव पुकारलं की माणसं माना उंच करून बघत. हे सांगताना मला थोडा गर्व होतो, तो गोड मानून घ्या.

मित्रांनो, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. धान कापून झालं की मोकळ्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, लांब सरळ पट्टी आखतात, हलके छकडे जुंपतात आणि दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात. माझा जन्म जंगलातल्या एका लहानशा गावी, झिंगूच्या गोठ्यात झाला. आई लवकर गेली. झिंगूच्या बायकोनं, मंगलीनं, मला तांदळाची पेज पाजून वाढवलं. पुढे झिंगूनं लाखा नावाच्या बैलाबरोबर मला जुंपलं. त्यानं आम्हाला कधी मारलं नाही. जिभेनं नुसता टक् आवाज केला की आम्ही पळत सुटायचो. त्यासाठी काठी लागते असं मानणाऱ्यांची मला कीव येते.

झिंगूची एक रीत होती. काम कोणतंही असो, आधी मोहाच्या दारूचे चार थेंब मातीला द्यायचे, पूर्वजांची आठवण काढायची आणि ओलं बोट आमच्या कपाळाला लावायचं. त्याच्या गावात सगळेच तसं करत. त्या दिवशी तो स्वतः एक घोटही घेत नसे.

चोपन्न सालच्या पटात शेवटची धाव पट मंडळाच्या अध्यक्षांच्या जोडीशी होती. थेंब देताना झिंगूच्या तुंब्याचं, म्हणजे दारूच्या वाळक्या भोपळ्याचं, बूच निसटलं आणि अर्धा तुंबा माझ्या मानेवर सांडला. पुसायला वेळ नव्हता. झेंडी पडली, आम्ही धावलो आणि एका बैलाच्या लांबीनं जिंकलो. लोकांनी गुलाल उधळला. माझ्या गळ्याला मिठी मारायला आलेल्या एका माणसानं मात्र नाक मुरडलं.

"अबे, याले तं दारूचा वास येऊन राह्यला!"

एवढंच तो बोलला. चहाच्या टपरीपर्यंत जाता जाता मला एक घोट पाजला असं झालं. बाजाराच्या टोकाला पोचेपर्यंत दोन बाटल्या झाल्या, आणि ऊन उतरायच्या आत त्यात गांजाही मिसळला गेला. मला इतकं पाजलं असतं तर मी छकड्यासकट तळ्यात गेलो असतो, हा साधा विचार एकालाही सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळ बसलं. 'लोकांत चर्चा आहे' एवढ्या कारणावरून झिंगूच्या जोडीला पटातून काढून टाकलं. हे कागदावर कुणी लिहिलं नाही. नुसता निरोप आला.

शेवटच्या रेघेवर झेंडी धरणारे दादाजी मास्तर त्या बैठकीत होते. बैलांसमोर माणसं मोकळेपणानं बोलतात, म्हणून ते सगळं मला कळलं. मास्तर आमच्या गोठ्याशी येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"झिंगूभाऊ, अध्यक्षाच्या हाकायच्या पराणीले खिळा होता. बैलाच्या पाठीतून रक्त आलं, मी या डोळ्यानं पाह्यलं. तसं मंडळात बोललो, तं म्हणते, 'ऐकीव गोष्टी मंडळ मानत नाई.'"

"मंग माह्या बैलाचं त्याईनं काय पाह्यलं होतं?" झिंगूनं विचारलं.

बैलाला टोचायचं नाही हा मंडळाचाच नियम होता. मास्तरांनी ते खिळ्याचं प्रकरण चांदा शहरातल्या एका साप्ताहिकात लिहिलं. महिन्याभरात वकिलाची नोटीस आली. अध्यक्षांची अब्रू गेली, पुरावा द्या, नाहीतर कोर्टात या. पुरावा म्हणजे बैलाच्या पाठीवरची जखम, आणि ती तोवर भरून आली होती. साप्ताहिकानं घाबरून माफी छापली. मास्तरांची नोकरी जायची वेळ आली, म्हणून त्यांनीही खाली सही केली. ती सही केल्यावर ते गोठ्यात येऊन रडले. मोठ्या माणसाला रडताना मी प्रथमच पाहत होतो. मी त्यांचा हात चाटला, दुसरं मला काय येत होतं!

झिंगूनं पुन्हा थेंब दिले नाहीत. मंगलीनं एकदा विचारलं, "काऊन जी, मातीले विसरले का?" तो म्हणाला, "लोकाईले वास येते." त्या वर्षी नांगरणी तशीच सुरू झाली. मला ते फार लागलं.

तीन वर्षं गेली. पटाला चांगल्या जोड्या कमी पडू लागल्या, तेव्हा मंडळाचे चिटणीस स्वतः आमच्या दारी आले. म्हणाले, "झालं गेलं सोड झिंगू, औंदा जोडी घेऊन ये."

झिंगूनं त्यांना खाट टाकली, पाणी दिलं. मग हात जोडून म्हणाला, "येतो जी. पण कागदावर लिवून द्या, का माहा बैल दारू पेला नव्हता."

"अरे, तुह्यावर कोनं काही लिवलंच नाई, तं मागं काय घ्याचं? अन् आता लिवून देलं, तं मंडळ चुकलं म्हनून गावभर होईन. मंडळाची बदनामी नाई का होनार?"

झिंगूनं नकाराची मान हलवली. तो चिडला नाही. चिटणीसांना वेशीपर्यंत पोचवून तो परत आला आणि त्यानं माझ्यापुढे चारा टाकला. आम्ही पटाला गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यात लाखा गेला. त्यानंतर हिवतापात झिंगूही गेला. माती द्यायला दूरदूरची माणसं आली होती. त्यांच्याबरोबर आलेल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "झिंगू म्हंजे कोन्ता?" दुसरा म्हणाला, "तो नाई का, बैलाले दारू पाजनारा."

मंगलीनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

मित्रांनो, आता मी फक्त सरपण ओढतो, आणि मंगली मला विकत नाही, एवढं माझं सुख आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणीतरी कुठल्या तरी मंडळाच्या खुर्चीवर बसेल. तेव्हा कुणाविषयी काही कानावर आलं, तर निकाल देण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. माझ्या झिंगूला कुणीच विचारलं नाही. मंडळ बसलं होतं, तेव्हा तो माझा कासरा धरून दाराबाहेरच उभा होता.