तीन वाट्यांचा घोडा

मी एक म्हातारा घोडा आहे, मित्रांनो. शर्यतीसाठी मला विकत घेतलं आणि एकही शर्यत न धावता मी म्हातारा झालो. अशा घोड्याची कहाणी कोण ऐकणार, असं तुम्हाला वाटेल. पण न धावण्यात माझा दोष नव्हता. खरं सांगायचं तर कुणाचाच नव्हता, आणि तेच मला आजवर सलत आलं आहे.

माझा जन्म घाटावरचा, कोल्हापूरकडचा. माझी आई शर्यतीत धावायची. देवबागचा गंगाराम सुकी मासळी घेऊन तिकडे आला होता. त्याने तिला धावताना पाहिलं आणि मासळी विकायचं सोडून दिवसभर माझ्याभोवती घुटमळत राहिला. मी तेव्हा कोवळा होतो, पाठीवर अजून कुणी बसलंही नव्हतं. एकट्याने मला घेणं त्याला झेपणारं नव्हतं. म्हणून गावी जाऊन त्याने दाजीला आणि लवूला गळ घातली, आणि त्या तिघांनी मिळून मला फोंडाघाटातून चालवत खाली आणलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इतका बिचकलो, की लवूच्या हाताला दोराने सालटं निघाली.

देवबाग म्हणजे एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे घोड्याचं काय काम? लोक चेष्टा करत, "दाजीनू, घोडो रापणीक बांधतल्यात काय?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. तिघेही एकाच रापणीचे, आणि वयाने मोठा म्हणून दाजीचा शब्द तिथे चाले. ओढायला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा. एखादा समुद्रावर गेलेला असला तरी त्याचा वाटा वाळूवर वेगळा काढून झावळीखाली झाकून ठेवत. त्याच्या घरचं माणूस येईपर्यंत त्याला कुणी शिवत नसे. मासळी खराब झाली तरी चालेल. कारण दुसऱ्याने तो वाटा उचलला, तर तो माणूस आता परत येणार नाही असं गावानेच म्हटल्यासारखं होई.

या माणसांनी मलाही रापणीच्याच रिवाजाने वाटून घेतलं. आठवडाभर दाजीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मग लवूच्या, मग गंगारामाच्या. ज्याची पाळी, त्याने दाणापाणी बघायचं. लवू लाडाने पेंड जास्त घाली. दाजी माझ्याशी बोलत नसे, पण खरारा मात्र मनापासून करी. आणि गंगाराम ओहोटीच्या वेळी घट्ट ओल्या वाळूवर मला पळवी. त्याची बायको आनंदी कोमट पेज आणून माझ्या तोंडाशी धरी आणि म्हणे, "जेव रे बाबा. तुझ्या पायांर आमच्या घरातल्याचो जीव आसा." कुणकेश्वरच्या जत्रेत, महाशिवरात्रीला, मला वाळूवरच्या शर्यतीत धावताना बघायचं, एवढंच गंगारामाच्या मनात होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो कौलं भरलेल्या एका पडावावर, शिडाच्या मोठ्या होडीवर, खलाशी म्हणून गेला. एकच फेरी करायची होती. वाटेत अवेळी वादळ झालं. बरोबरचे पडाव हळूहळू बंदरांना लागले. त्याचा लागला नाही. आनंदी घराला कडी घालून मालवणला गेली आणि बातमीसाठी बंदरावर बसून राहिली.

इकडे माझी गंगारामाकडची पाळी आली. लवूने नेमाप्रमाणे मला त्याच्या खळ्यात आणून बांधलं आणि तो मान खाली घालून निघून गेला.

पहिल्या दिवशी वाटलं, कुणीतरी येईल. विहीर समोरच होती. दुसऱ्या दिवशी मी खिंकाळून खिंकाळून थकलो. लवूची बायको सावित्री घागर घेऊन कुंपणापर्यंत आली, तेव्हा दाजीने तिला अडवलं.

"गंगारामाचो वाटो आसा तो. आपण हात लावलो, तर तो मेलो असा आपणच म्हटल्यासारख्या होता."

"पण मुको जीव मरतलो त्येचा काय?"

"गंगाराम येतलो," दाजी म्हणाला. "तोच पाणी दाखवतलो."

सावित्री रडतच माघारी फिरली. मित्रांनो, त्यांना दुष्ट म्हणू नका. गंगाराम जिवंत राहावा म्हणून ते मला तहानलेला ठेवत होते. ते मला कळत होतं, पण माझा घसा कोरडा पडला होता.

शेवटी मी दावं तोडून खाडीवर धावलो. ते पाणी खारट. तहान आणखी भडकली आणि पोटात कळा सुरू झाल्या. उधळलो तो कालवांच्या खडकात पडलो. पुढचा पाय तिथेच कामातून गेला. तिन्हीसांजेला आनंदी होडीतून उतरली. बातमी नव्हतीच. मला बघून ती धावत घरी गेली, कळशी भरून आणली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन मला पाणी पाजलं. तिच्या घरचा वाटा तिने उचलला होता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

पाय जुळला, पण लंगडा. महाशिवरात्र आली आणि गेली. मला विकायची गोष्ट कुणी काढली नाही. गंगारामाची पाळी आली की आनंदी मला पाणी पाजी, कपाळाला कुंकू तसंच. पावसाळा संपत आला. नारळी पौर्णिमेला गावाने समुद्राला नारळ दिला आणि होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. त्या दिवशी मी तिच्या खळ्यात होतो, नुकताच पाणी पिऊन उभा. आनंदीने दाजीला आणि लवूला बोलावून घेतलं. कळशी भरून पायरीवर ठेवली.

"दाजीनू," ती शांतपणे म्हणाली, "आज घोड्याक पाणी तुमी दाखवा."

लवूने तोंड फिरवलं. मग दाजी वाकला. एवढ्या रापणी ओढलेला माणूस, पण ती कळशी त्याला उचलवेना. लवूने हात लावला, तेव्हा कुठे ती माझ्यापुढे आली. आनंदी आत घरात गेली आणि तिने पहिल्यांदा हंबरडा फोडला.

मला तहान नव्हती. तरी मी ते सगळं पाणी प्यायलो.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वाट जरूर बघा. पण दारात जो जीव उभा आहे त्याला आधी पाणी द्या. ते कुणाच्या पाळीचं आहे, हे मागाहून ठरवा.